मिळकत आणि मतदार

‘मिळकत’ या मराठी शब्दाचे अर्थ दोन. नोकरदाराची दरमहाची प्राप्ति ही त्याची मिळकत, आणि घरदार, शेतीवाडी हीहि मिळकतच. कराच्या दृष्टीनें या दोहोंत भेद करावा किंवा नाहीं, या प्रश्नावर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील वॉशिंग्टन संस्थानांत मोठा वाद झालेला आहे. राजधानीचें वॉशिंग्टन शहर तें निराळें.

या संस्थानांत ठराविक संख्येच्या मतदारांनीं सह्या केल्यास कायद्याचा मसुदा थेट लोकांच्या मतास टाकतां येतो. १९३२ सालीं, मंदीच्या ऐन कहरांत, जमिनी व घरें यांवरील करानें शेतकरी मेटाकुटीस आले होते. तेव्हां चढत्या दराचा प्राप्तीवरील कर बसविण्याचा मसुदा सुमारें ७० टक्के मतांनीं संमत झाला. परंतु १९३३ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें ५ विरुद्ध ४ मतांनीं तो रद्द ठरविला. ज्यावर मालकी चालते तें सर्व मालमत्ता, अशी राज्यघटनेंतील व्याख्या. म्हणून प्राप्ति हीहि मालमत्ताच ठरली. आणि एकाच वर्गाच्या मालमत्तेवर कराचा दर एकच असला पाहिजे, असा घटनेचा दंडक असल्यानें चढता दर बेकायदा झाला.

मग १९३५ सालीं विक्रीकर आला. मजुराची बहुतेक कमाई खरेदींतच जाते, धनिकाची थोडीच. त्यामुळें दर सारखा असूनहि भार गरिबावर अधिक पडतो.

असें असतां २०१० सालीं, व्यक्तीच्या २ लक्ष व दांपत्याच्या ४ लक्ष डॉलरांवरील वार्षिक प्राप्तीवरच कर बसविण्याची सूचना सुमारें ६४ टक्के मतदारांनीं फेटाळली. बिल गेट्स यांचे वडील तिचे पुरस्कर्ते होते. ज्यांना हा कर लागलाच नसता, अशा पुष्कळांनींहि ती नाकारली. दोन वर्षांनंतर विधिमंडळ ही मर्यादा खालीं आणूं शकेल, असा विरोधकांचा इशारा होता.

२०२१ सालीं विधिमंडळानें शेअर वगैरेंच्या विक्रींतील मोठ्या नफ्यावर ७ टक्के कर बसविला. हा मालमत्तेवरील नव्हे, व्यवहारावरील कर होय, असा निर्णय २०२३ सालीं न्यायालयानें दिला. २०२४ सालीं हा कर काढून टाकण्याची सूचना मतास आली, तेव्हां तिलाहि सुमारें ६४ टक्के मतदारांनीं नकार दिला. तोंपर्यंत कर वसूल होऊं लागला होता आणि तो कोणावर पडतो हें लोकांस दिसत होतें. २०१० सालीं मात्र, आज आंखलेली मर्यादा उद्यां आपल्या उंबरठ्याशीं येईल कीं काय, ही शंका निवारण्यास असा कोणताच अनुभव पदरीं नव्हता.