खाडीच्या तळाशी वाढलेले ताट

ओहोटी लागली की कोलशेतच्या काठावर खाडीचा तळ उघडा पडतो. काळपट, चिकट, उग्र वासाचा चिखल. उंच इमारतीच्या गॅलरीतून पाहणाऱ्याला ती पडीक जागा वाटते. प्रत्यक्षात ते वाढलेले ताट असते. या गाळात किडे, शिंपल्या, खुबे, चिंबोऱ्या आणि कोलंबीची पिल्ले राहतात. वरच्या थरावर सूक्ष्म शेवाळ वाढते. पक्षी, मासे आणि मासे खाणारी माणसे या ताटावर जगतात.

कोलशेतपाशी उल्हास नदी वसईच्या खाडीकडे निघालेली असते. ठाणे शहराजवळ एक अरुंद फाटा तिला ठाणे खाडीशी जोडतो. त्याच ठाणे खाडीचा एक पट्टा २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर आहे. फ्लेमिंगो इथे येतात ते मुख्यतः जेवायला. मोठा रोहित पायांनी चिखल ढवळतो, चोच उलटी बुडवतो आणि बारीक जीव गाळून घेतो. लहान रोहिताचा भर सूक्ष्म शेवाळावर असतो.

तळावर जेवणाऱ्या प्राण्यांचे काय होऊ शकते, हे उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात दिसते. तिथे वॉलरस मिशांनी तळ चाचपतो आणि शिंपल्यातले मांस ओढून घेतो. राखाडी देवमासा कुशीवर वळून तळाचा गाळच तोंडात घेतो आणि त्यातले झिंग्यासारखे बारीक जीव गाळून खातो. या जिवांचे अन्न वरून येते. बर्फाच्या खालच्या बाजूस वाढणारे शेवाळ वसंतात सुटते आणि समुद्र उथळ असल्याने त्यातले बरेचसे थेट तळाला पोहोचते.

आता तो बर्फ आटतो आहे. वॉलरस दोन बुड्यांमध्ये बर्फावर विसावतो. बर्फ खोल पाण्याकडे सरकला की तळ आवाक्याबाहेर जातो. २०१४ मध्ये अलास्कातील पॉइंट ले गावाजवळ सुमारे ३५ हजार वॉलरस किनाऱ्यावर दाटीवाटीने जमले होते. पॅसिफिकच्या पूर्व भागातील राखाडी देवमाशांची संख्या २०१६ मध्ये सुमारे २७ हजार होती. २०२३ पर्यंत ती साडेचौदा हजारांच्या आसपास आली. उत्तरेकडच्या चराईच्या जागी अन्न घटले, हे शास्त्रज्ञ त्याचे प्रमुख कारण मानतात. त्यांची शिकार वाढली नव्हती. त्यांचे ताट रिकामे झाले होते.

आपल्याकडे ताट हिरावण्याचे मार्ग वेगळे आहेत. पहिला रेतीउपशाचा. सक्शन पंप रेतीबरोबर तळाचा जिवंत थरही उपसतो. उरलेल्या खड्ड्यात तो थर पुन्हा जमायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पंप परत येतो. दुसरा भरावाचा. राडारोडा टाकून बुजवलेला चिखल पुन्हा भरतीखाली येत नाही. तिसरा सांडपाण्याचा. मैला कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. मग तळाशी मोजकेच चिवट किडे तग धरतात.

चौथा मार्ग आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. कारखान्यांच्या सांडपाण्यातले शिसे, कॅडमियम, पारा असे जड धातू गाळाला चिकटून राहतात. शिंपल्या आणि कालवे सतत पाणी गाळून खातात, त्यामुळे हे धातू त्यांच्या अंगात साठतात. उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. म्हणून नाल्याच्या तोंडाशी किंवा कारखान्यांजवळ वेचलेल्या शिंपल्या टाळाव्यात. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांच्या बाबतीत तर नक्कीच.

अभयारण्याची हद्द कोलशेतपर्यंत येत नाही. भरतीचे पाणी मात्र हद्द पाहून थांबत नाही. गाळ, बीज आणि विष तिन्ही ते इकडून तिकडे नेते. त्यामुळे पक्षी मोजण्याइतकेच तळ मोजणेही गरजेचे आहे: गाळात किती प्रकारचे जीव आहेत, प्राणवायू किती, धातू किती. खाडीकाठच्या कोळ्यांना जाळ्यात काय यायचे आणि आता काय येते, हे ठाऊक असते. त्या नोंदीपासूनही सुरुवात करता येईल.