आपल्याच रक्तातली बेगमी

साठ किलो वजनाच्या माणसावर त्याच्याच मूळपेशींचे प्रत्यारोपण करायचे, तर निदान १२ कोटी पेशी हाताशी लागतात. किलोमागे २० लाख हा किमान हिशेब. ४०-५० लाख मिळाले की डॉक्टर निर्धास्त होतात. पेशी रुग्णाच्याच, त्याच्या हाडांच्या मज्जेत बसलेल्या. त्या रक्तात उतरवून यंत्राने गोळा करायच्या. हे काम नगरकर, म्हणजे आताचे अहिल्यानगरकर, बहुधा पुण्या-मुंबईला जाऊन करून घेतात. पण ते साधणार की फसणार, हे पुष्कळदा जिल्ह्यातच ठरून गेलेले असते.

आपल्याकडे मज्जा प्रत्यारोपणाची सुरुवात मुंबईत परळला झाली, पण ती दुसऱ्याच्या मज्जेने. मार्च १९८३ मध्ये टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या एका मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. लहानपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत बसून काम करणारे अडवाणी ही विद्या सिएटलला डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे शिकून आले होते. थॉमस यांना पुढे १९९० चे नोबेल मिळाले. त्या काळी दात्याला भूल देऊन कमरेच्या हाडात पुन्हा पुन्हा सुई घालून मज्जा ओढून काढत. योगायोग असा, की १९८३ मध्येच लंडनच्या रॉयल मार्सडेनमधल्या मॅकएल्वेन आणि पॉवल्स यांनी मल्टिपल मायलोमावर मेल्फलान या औषधाचा जबर डोस लागू पडतो, असे दाखवले. या डोसाने कर्करोग मरतो, पण मज्जाही जळते. म्हणून आधी स्वतःच्या पेशी काढून ठेवायच्या आणि औषध देऊन झाल्यावर परत सोडायच्या. पावसाळ्यापूर्वी घरात बेगमी करतात, तसेच हे.

मायलोमा हा मज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग, आणि तो फसवा. कंबर धरली म्हणून शेक आणि मलम, रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या, यातच महिने जातात. उतारवयातली न हटणारी पाठदुखी, कमी हिमोग्लोबिन आणि वाढलेले क्रिएटिनिन एकत्र दिसले, की तालुक्याच्या डॉक्टरांनीही प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिससाठी रक्त पाठवावे. तपासणी साधी आहे. शंका यायला हवी, इतकेच.

निदान झाले की दुसरा धोका सुरू होतो. मायलोमावरच्या लेनालिडोमाइडच्या गोळ्यांनी रुग्णाला बरे वाटते, आणि बरे वाटले की पुण्याची खेप पुढे ढकलली जाते. पण ते औषध फार महिने घेतले, की पेशी रक्तात उतरेनाशा होतात. म्हणून सहसा औषधाच्या चार-सहा चक्रांतच त्या काढून घेतात. कमरेला रेडिएशन झाले असले तरी हीच अडचण. मेल्फलानच्या जुन्या गोळ्यांनी तर मूळपेशींचेच नुकसान होते. ज्याच्यावर प्रत्यारोपण करायचे, त्याला आधी त्या देत नाहीत आणि शेवटी तेच औषध शिरेतून भरपूर देतात. वैद्यकातला हा विरोधाभास मला नेहमी मजेशीर वाटतो.

पेशी उतरवायला फिलग्रास्टिमची इंजेक्शने पोटाच्या कातडीखाली चार-पाच दिवस देतात. कंबर, मांड्या, छातीचे हाड ठणकते. पॅरासिटामॉलने बहुधा निभते. प्रत्यारोपण केंद्राने मुभा दिली आणि ती घराजवळ घ्यायची असतील, तर औषध २ ते ८ अंशांत राहायला हवे. बर्फाच्या कप्प्यात ठेवून ते गोठवू नये आणि वीज गेली की फ्रीज उघडून पाहत बसू नये.

पाचव्या दिवशी सकाळी रक्तातल्या सीडी-३४ पेशी, म्हणजे सीडी-३४ ही खूण असलेल्या मूळपेशी, मोजतात. एका मायक्रोलिटरमध्ये वीसच्या वर निघाल्या, की सगळ्यांचे चेहरे खुलतात. दहाच्या आत असल्या, तर प्लेरिक्साफोर. हे औषध मुळात एचआयव्हीसाठी तपासले जात होते. ते दिलेल्या लोकांच्या पांढऱ्या पेशी अचानक वाढलेल्या दिसल्या आणि औषधाची वाटच बदलली. पेशींना मज्जेत धरून ठेवणारी पकड ते सोडवते. अमेरिकेत २००८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. ते महाग आहे. पेशी वेळेवर काढून घेतल्या असत्या तर अनेकांचा हा खर्च टळला असता.

मग यंत्र. मानेतल्या किंवा जांघेतल्या जाड नळीतून रक्त बाहेर येते, गरगर फिरणाऱ्या भांड्यात थर वेगळे होतात, हवा तो थर पिशवीत जातो आणि बाकीचे रक्त अंगात परतते. चार-पाच तासांत दहा-बारा लिटर रक्त असे फिरते, म्हणजे अंगातले सगळे दोन-तीनदा. रक्त गोठू नये म्हणून घातलेले सायट्रेट कॅल्शियम धरून ठेवते, त्यामुळे ओठांना मुंग्या येतात. त्या आल्या की गप्प बसू नये, लगेच सिस्टरांना सांगावे; कॅल्शियम दिले की थांबतात.

पेशी गोठवून उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवल्या, तर वर्षानुवर्षे टिकतात. त्यासाठी घातलेल्या रसायनामुळे पेशी परत देताना खोलीभर लसणासारखा वास सुटतो. मात्र मायलोमात आपल्याकडची बरीच केंद्रे गोठवतच नाहीत. पिशवी ४ अंशांच्या फ्रीजमध्ये ठेवायची, मेल्फलान द्यायचे, तोंड सोलवटू नये म्हणून त्या वेळी रुग्णाला बर्फ चघळायला लावायचा आणि एक-दोन दिवसांत पेशी परत सोडायच्या. साधारण दोन आठवड्यांत रक्तपेशींचे काउंट वर येतात. ही रीत स्वस्त आहे आणि आपल्या परिस्थितीत शहाणपणाचीही. पण मायलोमा बहुधा उलटतो. तेव्हा दुसरे प्रत्यारोपण करावे म्हटले, तर शिल्लक काही नसते, आणि मधल्या वर्षांत घेतलेल्या गोळ्यांनी नव्याने पेशी मिळणे कठीण झालेले असते. म्हणून वय कमी असेल आणि पेशी भरपूर निघाल्या असतील, तर निम्म्या गोठवून ठेवता येतील का आणि त्याला वर्षाला किती पडतील, हे यंत्रावर चढण्याआधीच विचारून घ्यावे.