नाव काय तुमचं?

आधी हकीकत ऐकायची, मग तपासायचं, मग रिपोर्ट, मग निदान आणि सगळ्यात शेवटी उपचार, असा डॉक्टरकीचा शिरस्ता. ट्रकची धडक बसलेला माणूस कॅज्युअल्टीत येतो तेव्हा हा क्रम पार उलटा होतो. त्याला आतून काय काय झालंय हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि तरी पहिल्या मिनिटापासून उपचार सुरू असतात. निदान नंतर होतं. कधीकधी दुसऱ्या दिवशी.

या पद्धतीच्या मुळाशी एक विमान अपघात आहे. 17 फेब्रुवारी 1976. हाडांचे सर्जन जेम्स स्टायनर स्वतःचं छोटं विमान चालवत पत्नी आणि चार मुलांसह अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, लिंकनला घरी परतत होते. अंधारात विमान शेतात कोसळलं. पत्नी गेली, तीन मुलं गंभीर जखमी झाली. स्टायनर स्वतः जखमी असताना रस्त्यावर आले, एक गाडी थांबवली आणि मुलांना जवळच्या लहान गावातल्या रुग्णालयात नेलं. तिथे त्यांना दिसलं ते असं, की इतक्या जबर जखमींना हात कुठून लावायचा याची शिस्तच कुणाला शिकवलेली नाही. शेतात, रिकाम्या हातांनी आपण मुलांची जी काळजी घेतली ती इथल्यापेक्षा बरी होती, हे त्यांना सलत राहिलं. लिंकनच्या सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी गावाकडच्या डॉक्टरांसाठी एक अभ्यासक्रम बांधला. 1978 मध्ये नेब्रास्कातल्याच ऑबर्न गावी तो पहिल्यांदा शिकवला गेला आणि 1980 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो आपला केला. हेच एटीएलएस, म्हणजे ॲडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट. आज आपल्याकडचे सर्जनही ते शिकतात.

त्यातली कल्पना इतकी सोपी आहे की आधी कुणाला कशी सुचली नाही याचंच नवल वाटतं. पेशंटला काय झालंय ते विचारू नका. सगळ्यात आधी कशाने मरेल ते विचारा. श्वासाची वाट बंद असेल तर काही मिनिटांत मरेल, म्हणून ए, एअरवे. वाट मोकळी आहे पण फुप्फुसं चालत नाहीत, बी, ब्रीदिंग. मग सी, सर्क्युलेशन, म्हणजे रक्त. मग डी, डिसॅबिलिटी, म्हणजे मेंदू. शेवटी ई, एक्स्पोजर, म्हणजे सगळे कपडे कापून अंग पुढून-मागून पाहणं. एका पायरीवर बिघाड सापडला की तो तिथेच दुरुस्त करायचा, मग पुढे. मध्येच पेशंट ढासळला तर पुन्हा ए.

आणि पहिली तपासणी कुठली? यंत्र नाही, सुई नाही. डॉक्टर विचारतो, “नाव काय तुमचं? काय झालं?” पेशंटने नीट उत्तर दिलं तर वाट मोकळी आहे, बोलण्याइतका श्वास आहे आणि मेंदूला रक्त पोचतंय. चार शब्दांत तीन रिपोर्ट!

बी मधला एक प्रसंग तर अंगावर काटा आणतो. बरगडी फुप्फुसात घुसली की कधीकधी भोकाचा सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह होतो: हवा छातीत शिरते, बाहेर येत नाही. दाब वाढत जातो, हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. छातीची ती बाजू हलत नाही, स्टेथोस्कोपला आवाज नाही, मानेच्या शिरा फुगतात, बीपी कोसळतं. इथे एक्स-रेसाठी थांबणं म्हणजे पेशंट गमावणं. बरगड्यांच्या मध्ये जाड सुई घालायची. हवा सुटते आणि मरणाच्या दारातला माणूस मागे फिरतो.

पण खरी लबाडी करतं ते रक्त. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर. त्यातलं लिटरभर गेलं तरी धडधाकट तरुणाचं बीपी जवळपास नॉर्मल दिसू शकतं, कारण शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून हृदयाकडे आणि मेंदूकडे रक्त वळवतं. बीपी घसरतं ते साधारण 30 टक्के गेल्यावर, म्हणजे दीड लिटर. म्हणून अनुभवी डॉक्टर आकड्यावर भाळत नाही. हात थंडगार आहेत का, नाडी पळतेय का, माणूस अस्वस्थ होऊन “मला उठू द्या” म्हणतोय का, ते पाहतो.

मग ते रक्त गेलं कुठे? जमिनीवर, किंवा आतल्या चार ठिकाणी: छाती, पोट, कंबरेची हाडं, मांडी. मोडलेल्या एका मांडीत लिटर-दीड लिटर रक्त मुरू शकतं, बाहेर थेंबही न दिसता. पोटात आहे का, हे पलंगाशेजारची सोनोग्राफी मिनिटांत सांगते. कंबरेची हाडं उघडली असतील तर खुब्यांवरून पट्टा, नाहीतर नुसती चादर घट्ट आवळायची.

पूर्वी अशा वेळी सलाईनच्या बाटल्यांमागून बाटल्या चढवत. आता हात आखडता घेतात. सलाईन रक्त गोठवणारे घटक पातळ करतं, अंग थंड करतं. थंड अंगात रक्त नीट गोठत नाही, म्हणून ते आणखी वाहतं आणि अंग आणखी थंड पडतं. भर उन्हाळ्यातही या पेशंटला ब्लँकेट लागतं ते यामुळे. रक्त गेलंय तर रक्तच द्यायचं, लवकर.

सोबत एक स्वस्त इंजेक्शन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. जास्त पाळी जाणाऱ्या बायकांना याच्याच गोळ्या देतात. जपानच्या उताको ओकामोतो यांनी पतीसोबत ते 1960च्या दशकात शोधलं. जखमींवर ते नीट तपासल्याचा निकाल आला थेट 2010 मध्ये: 40 देशांतले 20,000हून अधिक पेशंट, त्यात भारतातलेही. पहिल्या 3 तासांत दिलं तर जीव वाचतात. त्यानंतर दिलं तर उलट अपाय होऊ शकतो. एवढ्या साध्या औषधाला पन्नासेक वर्षं ताटकळावं लागलं, ही काही भूषणाची गोष्ट नाही.

या सगळ्या साखळीची पहिली कडी मात्र रस्त्यावर असते, आणि तिथे डॉक्टर नसतो, आपण असतो. तेव्हा अपघात दिसला तर 108 लावा. जखमीला पाणी पाजू नका, हेल्मेट ओढू नका, धरून बसवू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, आणि थांबलं का ते पाहायला सारखं उचलू नका. पोलिसांच्या झंझटीची धास्ती असेल तर सांगून ठेवतो: 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातलं कलम 134-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं, आणि नाव-पत्ता सांगायची सक्ती तुमच्यावर कुणी करू शकत नाही.