मराठी नावांची प्रश्नचिन्हं का होतात?

फॉर्मवर 'सविता' टाइप केलं, सेव्ह केलं आणि ग्रिडमध्ये '?????' आलं, ही तक्रार मला वारंवार ऐकू येते. मी आधी विचारतो, चौकोन दिसतात की प्रश्नचिन्हं? चौकोन असतील तर बहुधा फॉन्टची अडचण असते, डेटा शाबूत असतो.

प्रश्नचिन्हं असतील तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्या कॉलमवर युनिकोड फंक्शन चालवा. उत्तर २३६० आलं तर पहिला 'स' जागेवर आहे. ६३ आलं तर टेबलातच प्रश्नचिन्ह साठवलं गेलंय.

तपासायच्या जागा दोन. कॉलम 'व्हारचार' असेल तर 'एनव्हारचार' करा. व्हारचारच्या नेहमीच्या कोलेशनमध्ये देवनागरी बसत नाही. क्वेरीत नाव थेट लिहिलं असेल तर अवतरणचिन्हाआधी कॅपिटल 'एन' लावा, नाहीतर कॉलम बरोबर असूनही अक्षरं वाटेतच हरवतात. मी स्वतः पॅरामीटरच वापरतो, एनव्हारचार प्रकाराचा.

मात्र या दुरुस्तीने जुनी नावं परत येत नाहीत. ती मूळ कागदावरून पुन्हा भरावी लागतात. म्हणून ॲप्लिकेशन ग्राहकाला देण्याआधी एक मराठी नाव सेव्ह करून, परत उघडून पाहाच.