बाजारातल्या तुरी: हरणाऱ्या संघात उद्याचा विजेता असतो का?

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात बास्केटबॉल कुठून आला, असं काहींना वाटलं असेल. पण कार्यकारणभावाचा एक फार जुना वाद अमेरिकेतले बास्केटबॉलप्रेमी आजही हिरिरीने घालत असतात, फक्त त्याचं नाव त्यांना ठाऊक नसतं. आपला संघ आज सपाटून हरतोय, सगळी पोरं विशी-बाविशीतली आहेत. तर तीन-चार वर्षांनी तो मोठा होणार की नाही? बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तसं हे भांडण. तुरी घरात यायच्या आहेत अजून!

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनबीएमध्ये, 30 संघ आहेत. दरवर्षी नव्या खेळाडूंची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. दुबळ्या संघांना उत्तम खेळाडू आधी निवडता यावेत, अशी त्यामागची कल्पना. पहिल्या काही जागा सोडत काढून ठरतात. पूर्वी सर्वांत तळाच्या संघाला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता 25 टक्के होती. म्हणजे बघा, हरण्यातच फायदा! 2019 मध्ये तळाच्या तिन्ही संघांना सारखीच, 14 टक्के शक्यता देण्यात आली. हा बदल का करावा लागला, हे फिलाडेल्फियाच्या गोष्टीवरून कळतं.

2013 साली फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्स संघाची सूत्रं सॅम हिंकी यांच्याकडे आली. चांगले खेळाडू देऊन टाकायचे, बदल्यात भावी निवडीचे हक्क घ्यायचे आणि वाट पाहायची, असं त्यांचं धोरण. संघ 82 पैकी पहिल्या वर्षी 19 सामने जिंकला, दुसऱ्या वर्षी 18, तिसऱ्या वर्षी 10. आणि गंमत अशी, की चाहत्यांतल्या एका मोठ्या गटाने ‘प्रोसेसवर विश्वास ठेवा’ हीच घोषणा करून टाकली. दुसरा गट म्हणे, ही शुद्ध फसवणूक आहे; आम्ही तिकिटाचे पैसे सामना पाहायला देतो, वाट पाहायला नाही.

आता आपल्या दर्शनांकडे येऊ. सांख्य म्हणतात, कार्य हे कारणात आधीपासूनच असतं. तेल तिळातून निघतं, वाळूतून नाही. कारण ते तिळात होतंच, फक्त प्रकट झालं. हा सत्कार्यवाद. नैयायिक म्हणतात, छे! मातीत घडा नसतो. माती, कुंभार, चाक, दंड हे सगळं जुळून आलं की घडा नव्याने उत्पन्न होतो. हा असत्कार्यवाद.

विश्वास ठेवणारा चाहता मनाने सांख्य असतो. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं त्याचं म्हणणं. जोएल एम्बीड 2014 मध्ये निवडला गेला आणि पायाच्या दुखापतीमुळे दोन हंगाम मैदानात उतरलाच नाही. पण ‘मोठेपण त्याच्यात आहेच, थांबा जरा,’ असं हे लोक सांगत राहिले. आणि ते खरं ठरलं! 2023 मध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला.

मग सांख्य जिंकले का? थांबा. तीळ चांगले निघाले, हे मान्य. पण वाद संघाचा होता. हिंकी यांनी 2016 मध्येच राजीनामा दिला. 2017-18 मध्ये संघ 52 सामने जिंकला खरा, पण 2025 पर्यंत त्याला बाद फेरीचा दुसरा टप्पा एकदाही ओलांडता आलेला नव्हता. 2016 आणि 2017 मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेले बेन सिमन्स आणि मार्केल फुल्ट्झ, दोघांच्याही कारकिर्दी अपेक्षेप्रमाणे फुलल्या नाहीत. खेळाडूचं सामर्थ्य एक वेळ त्याच्या आत असेल. संघाचं सामर्थ्य कुणा एकाच्या आत नसतं. संघ हा घडा आहे. तो घडवावा लागतो.

याच्या शेजारी ओक्लाहोमा सिटी थंडर संघ ठेवून बघा. 2019 मध्ये त्यांनी आपले दोन मोठे तारे देऊन टाकले. 2 डिसेंबर 2021 रोजी मेम्फिसने त्यांना 73 गुणांनी हरवलं. लीगच्या इतिहासात इतक्या फरकाने कुणी हरलेलं नव्हतं. आणि 2025 मध्ये हाच संघ विजेता झाला. त्याचा नायक शे गिल्जस-अलेक्झांडर हा मूळ ड्राफ्टमधला 11वा, दुसरा आधार जेलन विल्यम्स 12वा. म्हणजे पाळण्यातले पाय इतरांनाही दिसत होते, पण त्यांना ते तितके मोठे वाटले नव्हते.

इथे एक धोका आहे, तो नीट समजून घ्या. थंडर जिंकले म्हणून त्यांचं धोरण शहाणपणाचं, सिक्सर्स अडले म्हणून त्यांचं मूर्खपणाचं, असं म्हणणं सोपं आहे. 2019 मध्ये टोरांटोविरुद्धच्या सातव्या सामन्यात शेवटच्या क्षणी मारलेला चेंडू कडीवर चार वेळा टप्पे खाऊन आत पडला आणि फिलाडेल्फिया बाहेर गेलं. तो बाहेर पडला असता, तर निदान जादा वेळ मिळाला असता. मग सहा वर्षांच्या धोरणाचा निवाडा चार टप्प्यांवर करायचा का? निर्णयाचं मोल निर्णयाच्या वेळी उपलब्ध असलेल्या कारणांवरून ठरायला हवं.

पण हीच पळवाटही होते! ‘प्रोसेस बरोबर होती, नशीब आडवं आलं,’ हे वाक्य कधीच खोटं पाडता येत नाही. कार्ल पॉपरच्या कसोटीवर ते विधान टिकत नाही. म्हणून तुरी बाजारात असतानाच तीन गोष्टी बोलून टाकाव्यात: कोणती कारणं जुळून यायला हवीत, किती काळात, आणि काय दिसलं तर आपण मत बदलू. ‘दोन वर्षांत बचाव सुधारला नाही, तर मी चुकलो’ असं म्हणणारा चाहता वाद घालतोय. ‘बघालच एक दिवस’ म्हणणारा नुसता आशा धरून आहे. आशा वाईट नाही, पण ती युक्तिवाद नव्हे.

आणि एक गोष्ट या सगळ्या हिशेबात राहून जाते. 10 विजय आणि 72 पराभव, त्या हंगामात कुणीतरी प्रत्यक्ष खेळत होतं ना? व्यवस्थापनाला ती वाट पाहण्याची वर्षं होती. त्या पोरांना ती कारकीर्दच होती. त्यांच्यात टी. जे. मॅकॉनेल नावाचा एक मुलगा होता. ड्राफ्टमध्ये त्याला कुणीच निवडलं नव्हतं. 2025 च्या अंतिम मालिकेत तो थंडरविरुद्ध इंडियानाकडून खेळला, आणि मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली. अमुक एक खेळाडू म्हणजे कच्चा माल, तमुक म्हणजे भविष्य, असं आपण बोलतो तेव्हा त्या कच्च्या मालातही कुणीतरी रोज सरावाला जात असतं, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

आज इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.