ढीग, संग्रह आणि चिठ्ठी

पाचवी-सहावीच्या मुलांची दप्तरे एकदा रिकामी करून पाहावीत. वह्या-पुस्तकांच्या खालून गारगोट्या निघतात, काडेपेट्यांचे छाप निघतात, चिंचोके, एस.टी.ची तिकिटे, एखादे जुने पाच पैशांचे नाणे निघते. गोळा करण्याचा नाद मुलांना शिकवावा लागत नाही. आपण शिक्षक मात्र बहुधा ‘हा कचरा घरी ठेवून ये’ एवढेच म्हणतो. खरोखरच तो कचरा असतो का? आणि अशा ढिगाचा ‘संग्रह’ होतो तो नेमका कधी? हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो म्हसवडला, एका विहिरीच्या कामावर.

म्हसवड हे सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातले, माण नदीकाठचे गाव. थोडे पलीकडे गेले की सांगली जिल्ह्यातला आटपाडी तालुका लागतो. हा सगळा माणदेश पर्जन्यछायेतला. त्यामुळे कुणाच्या विहिरीला किती परसांवर पाणी लागले (परस म्हणजे पुरुषभर खोली), हा इथे घरोघरी बोलण्याचा विषय. गावाजवळ एका नव्या विहिरीचे काम चालले होते. यारीने वर काढलेल्या दगडमातीचा मोठा ढीग दूर टाकलेला होता. आम्ही मुलांना त्या ढिगापाशी नेले. मुलांनी तासाभरात चार-पाच प्रकारचे दगड वेगळे केले: पिवळसर मुरूम, घट्ट काळा पाषाण, पांढरे ठिपके असलेला सच्छिद्र दगड, हाताला लाल रंग लावणारा तांबडा मऊ दगड. शाळेत आणून आम्ही ते बाकावर मांडले, नावे सांगितली आणि खूश झालो.

काही दिवसांनी शेजारच्या रानाचे मालक शाळेत आले. त्यांनाही विहीर काढायची होती. त्यांनी तांबडा दगड उचलून विचारले, “गुरुजी, हा किती परसांवर लागला?”

आम्हाला सांगता आले नाही. तोवर विहीर बांधून झाली होती, कामगार दुसऱ्या गावी गेले होते. दगड आमच्याजवळ होते, पण त्यांना विचारायचा प्रश्न आला तेव्हा ते मुके निघाले.

दगडाला काय माहीत असते?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी या भागात लाव्हारसाचे थरावर थर पसरले. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून तो सच्छिद्र झाला, तर मधला भाग घट्ट पाषाण बनला. पुढे त्या छिद्रांत पाण्याबरोबर आलेली खनिजे साठली. आपल्याला दिसणारे पांढरे ठिपके आणि नदीत सापडणाऱ्या गारगोट्या त्यांतूनच आल्या. एक थर थंड झाल्यावर पुढचा येईपर्यंत बराच काळ गेला, तर आधीच्या थराचा पृष्ठभाग कुजून त्याची तांबडी माती होई. वरून आलेल्या रसाखाली ती भाजून दबली. तोच आपला तांबडा दगड.

घट्ट पाषाणात पाणी राहत नाही. ते राहते मुरमात, सच्छिद्र भागात आणि भेगांत. तांबडा थर चिकणमातीसारखा असल्यामुळे त्यातून पाणी सहज खाली झिरपत नाही. म्हणून त्याच्या वरच्या सच्छिद्र खडकात पाणी अडून राहण्याची शक्यता असते. म्हणजे त्या शेतकऱ्याचा प्रश्न अगदी नेमका होता. दगडाचे नाव त्याच्या उपयोगाचे नव्हते, दगडाची खोली हवी होती. आणि आम्ही नेमकी तीच टाकून दिली होती.

मुंबईतले आठ हौशी

वस्तू नुसती जवळ असून भागत नाही, हे हौशी संग्राहकांना फार पूर्वी उमगले होते. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये (आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) आठ माणसे जमली. त्यांत सहा युरोपीय होते आणि दोन मराठी डॉक्टर. एक प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग, दुसरे वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. या मंडळाचे कामकाज पाहणारे ई. एच. एटकिन मीठ व जकात खात्यात नोकरीला होते. म्हणजे बहुतेकांची रोजची कामे वेगळीच होती. कुणी पतंग जमवी, कुणी वनस्पती. दर महिन्याला भेटावे, आपापले नमुने दाखवावेत, टिपणांची देवघेव करावी आणि एकमेकांना उत्तेजन द्यावे, एवढाच त्यांचा बेत होता. पुढल्याच वर्षी एच. एम. फिप्सन या मद्यव्यापाऱ्याने आपल्या दुकानाच्या इमारतीतली एक खोली मंडळाला दिली. हीच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी.

या भेटींमुळे काय बदलले? आपल्याच कपाटासाठी वस्तू जमवणाऱ्याला ती कुठली, हे आठवत असते. लिहिण्याची गरज त्याला वाटत नाही. पण तीच वस्तू दुसऱ्यापुढे ठेवली की तो विचारतो, ‘कुठे मिळाली? कोणत्या महिन्यात? आणखी होत्या का?’ उत्तरे द्यायची तर लिहून ठेवावे लागते. १८८६ पासून सोसायटीचे नियतकालिक निघू लागले आणि ही टिपणे छापली जाऊ लागली. १९११ ते १९२३ या काळात सोसायटीने सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी केली आणि सुमारे २५,००० नमुने जमवले. त्यामागे देशभर पसरलेल्या हौशी सभासदांचेच जाळे होते.

१९०८ च्या सुमारास याच संस्थेत एक मुलगा मारलेली चिमणी घेऊन आला. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांनाही ती ओळखता आली नव्हती, म्हणून सभासद असलेल्या मामांनी त्याला चिठ्ठी देऊन पाठवले होते. सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखवले. तो मुलगा म्हणजे पुढचे पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली. मिलार्ड ‘कुठून आणलास हा कचरा?’ असे म्हणाले असते तर?

अंड्यांच्या कपाटातली साक्ष

चिठ्ठीचे मोल किती असू शकते, याचे एक ठळक उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. तिथे एके काळी पक्ष्यांची अंडी जमवण्याचा छंद फार बोकाळला होता. अंड्याला बारीक भोक पाडून आतला भाग काढायचा आणि कवच कापसावर ठेवायचे. या छंदाने पक्ष्यांचे नुकसानच केले. १९५४ च्या कायद्याने तिथे त्यावर बंदी आली.

त्याच दशकात बहिरी ससाणे झपाट्याने कमी होऊ लागले. डेरेक रॅटक्लिफ यांना घरट्यांत फुटलेली अंडी आढळत होती. कवच पातळ झाले असेल का? पण पूर्वी ते किती जाड होते, हे कोण सांगणार? ते संग्राहकांच्या कपाटांनी सांगितले, कारण पुष्कळ अंड्यांबरोबर गाव आणि तारीख लिहिलेली होती. कवच फोडून जाडी मोजणे शक्य नव्हते. म्हणून रॅटक्लिफ यांनी कवचाचे वजन घेतले आणि त्याला अंड्याच्या लांबी-रुंदीच्या गुणाकाराने भागले. समजा, सारख्याच आकाराच्या दोन अंड्यांची कवचे ४ ग्रॅम आणि ३.२ ग्रॅम भरली, तर दुसरे कवच सुमारे एक पंचमांशाने पातळ. बहिरी ससाण्याच्या कवचांत जवळजवळ एवढाच फरक निघाला, आणि तो १९४७ च्या सुमारास सुरू झालेला दिसला. डीडीटीचा सर्रास वापर सुरू झाल्याचा काळही हाच होता. हे निष्कर्ष १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. डीडीटीमुळे कवचात पुरेसे कॅल्शियम जमत नाही, हे पुढे स्पष्ट झाले. १९७२ मध्ये अमेरिकेने शेतीतला डीडीटीचा वापर बंद केला.

अंडी चोरणाऱ्यांचे हे समर्थन नव्हे. पण तारीख नसलेले अंडे कितीही सुंदर असले तरी या शोधात त्याचा काडीचाही उपयोग झाला नसता.

शाळेत काय करता येईल?

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी घेणे गुन्हा ठरतो. तेव्हा ती वाट बंदच. पक्ष्यांची चित्रे काढावीत, नोंदी ठेवाव्यात. पण दगड, माती, गळालेली पाने, ज्वारी-बाजरीच्या गावठी वाणांचे दाणे यांना कुणाची आडकाठी नाही.

दगडांसाठी आम्ही पुढे ही पद्धत ठरवली. दगडावर तैलरंगाचा छोटा ठिपका द्यायचा आणि त्यावर क्रमांक घालायचा. तोच क्रमांक वहीत लिहून पुढे पाच गोष्टी नोंदवायच्या: गाव आणि रान, किती खोलीवरचा, तारीख, कुणी आणला, आणि त्या खोलीवर ओल किंवा पाणी होते का. सुटी चिठ्ठी हरवते, तिला वाळवी लागते. म्हणून क्रमांक दगडावरच हवा. खोली कामगारांना विचारावी. मुलांनी उघड्या विहिरीच्या काठाशी अजिबात जाऊ नये.

एका विहिरीवरून शेजारच्या रानाचे भाकीत करता येत नाही, कारण थरांची जाडी बदलत जाते. पण म्हसवड, दहिवडी, गोंदवले, आटपाडी इथल्या शाळांनी अशा वह्या ठेवल्या आणि वर्षातून एकदा समोरासमोर बसून ताडून पाहिल्या, तर तांबडा थर कुठे वर आहे, कुठे खाली गेला आहे, याचा नकाशा हळूहळू उभा राहील. भायखळ्याला जमलेल्या त्या आठ जणांनी याहून वेगळे काय केले?

तो पहिला तांबडा दगड आम्ही टाकलेला नाही. त्यालाही क्रमांक दिला आहे: १. वहीत त्याच्यापुढे लिहिले आहे, ‘म्हसवडजवळची विहीर. खोली विचारायची राहिली.’ नवा वर्ग आला की आम्ही सुरुवात त्याच नोंदीने करतो.