डोळ्यांनीं पाहिलेलें खोटें कसें?

प्रत्यक्षास दुसरें प्रमाण नको, असें आपण नेहमीं म्हणतों. परंतु डोळ्यांनीं पाहिलेलेंही तपासून घ्यावें लागतें, हा धडा शास्त्रज्ञांस जीवाणूंनीं कसा शिकविला, तें आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

१९३१ सालीं बर्लिन येथें नोल व रुस्का यांनीं प्रकाशाऐवजीं इलेक्ट्रॉनांच्या झोतानें वस्तु मोठी करून दाखविणारें यंत्र बनविलें. या यंत्राच्या नळींतून हवा पार काढून घ्यावी लागते. आणि पेशींत तर बहुतेक पाणीच! निर्वातांत तें टिकत नाहीं. म्हणून पेशी प्रथम रसायनांत बुडवून स्थिर करितात, मद्यार्कानें तिच्यांतील पाणी काढून घेतात, मग तिला कृत्रिम राळेंत घट्ट बसवून कांचेच्या वा हिऱ्याच्या सुरीनें तिचे काप काढितात. एकेक काप सुमारें ७० नॅनोमीटर जाडीचा; असे १४,००० काप एकावर एक रचावे, तेव्हां कोठें एक मिलिमीटर भरतो! त्यांस शिसें व युरेनियम यांच्या क्षारांचें पुट दिलें म्हणजे पेशींतील रचना गडद उमटतात. त्यांचें चित्र पूर्वीं छायाचित्रणाच्या काचेवर घेत. आतां तें डिजिटल कॅमेऱ्यानें घेतात.

कैरी मिठांत मुरविली म्हणजे टिकते खरी, पण ती झाडावरची कैरी राहत नाहीं. या कापांचेंही तसेंच आहे. गेल्या शतकाच्या मध्यानंतर अशा चित्रांत कित्येक जीवाणूंच्या पटलाला आंतल्या बाजूनें वळकट्या दिसूं लागल्या. त्यांस 'मेसोसोम' हें नांव मिळालें. श्वसनापासून पेशीविभाजनापर्यंत नाना कामें त्यांच्याकडे सोंपविण्यांत आलीं.

परंतु हा रसायनांचाच खेळ नसेल ना, असा संशय कांहींस होता. पुढें जीवाणूंस रसायनाचा स्पर्शही न होऊं देतां क्षणार्धांत गोठविण्याची युक्ति साधली. तींत पाण्याचे स्फटिक न होतां तें कांचेसारखें थिजतें. १९८३ सालीं ड्युबोशे व त्यांचे सहकारी यांनीं अशा जीवाणूंचीं चित्रें घेतलीं, तों मेसोसोमचा मागमूसही नाहीं! ती रचना जीवाणूची नव्हे, पूर्वतयारीची होती. गोठविण्याच्या याच विद्येबद्दल ड्युबोशे यांस, फ्रँक व हेंडरसन यांच्यासह, २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

तथापि कांहीं शालेय पुस्तकांत मेसोसोम अद्याप ठाण मांडून आहे. आपल्या मुलानें तो धडा पाठ म्हणून दाखविला, तर त्याला एवढेंच विचारावें: "बाळ, हें चित्र घेण्यापूर्वीं त्या जीवाणूचें काय काय केलें होतें?" शास्त्राचें खरें शिक्षण या प्रश्नापासूनच सुरू होतें, असें आम्हांस वाटतें.